कागदी दगडांखालचा नेनो

आधीच सांगून टाकते, नेनोच्या अंगाला तेल चोळायचं काम माझं होतं. हसा, हसा. आमची अख्खी सान लोरेन्झो वस्ती हसली. कोपऱ्यावरची दूधवाली तर रोज विचारायची, "काय एर्सिलिया, आज किती पहिलवान चोळलेस?" मी म्हणायची, "उद्या तू ये माझ्याबरोबर. सकाळी सहा वाजता थंडीनं काकडलेल्या चाळीस गड्यांच्या पाठी चोळ, आणि मग दात काढ."

तेव्हा रोमच्या दुसऱ्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्या पुढं, स्टुडिओत महिन्याला एक तसला सिनेमा निघायचा. तसला म्हणजे, एक बलदंड हीरो, एक दुष्ट राजा, एक राजकन्या, आणि शेवटी देऊळ कोसळणार. हीरो साखळ्या तोडणार, त्या लाकडाच्या. दगड उचलणार, ते कागदाच्या लगद्याचे. तलवारींना चंदेरी रंग. त्या सगळ्यात खरं असायचं ते माझं तेल. ऑलिव्हचं तेल, त्यात थोडं ग्लिसरीन आणि वरून पाण्याचा फवारा. दंड कसे झळकले पाहिजेत! आणि हो, छातीवर केस चालायचे नाहीत. ते भादरायचं काम न्हाव्याचं, माझं नव्हे. तेवढी अब्रू मी राखली.

नेनोला तिथं मीच नेला. त्याचं पाळण्यातलं नाव नाझारेनो. आमच्या अंगणात माझ्यासमोरचं दार त्यांचं. अंगानं हा एवढा! दारातून आत यायचा तर आधी खांदा, मग बाकीचा नेनो. तरी दार दोन बोटांनी ढकलायचा, मोडेल म्हणून. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण आवाज? बिजागरी गंजलेल्या दाराचा. करकर, करकर. पोरी त्याच्याकडं बघत राहायच्या, आणि त्यानं तोंड उघडलं की फिदीफिदी हसत पळायच्या. मग बिचारा बोलायचाच कमी.

तो कामाला होता तेस्ताच्चोच्या कत्तलखान्यात. त्याचा बाप आमेदेओ तिथंच राबला, तिथंच खोकत खोकत संपला, आणि बापाची जागा पोराला मिळाली. कायमची नोकरी, पेन्शन, शिवाय दर शनिवारी कागदात गुंडाळलेली बैलाची शेपटी नाहीतर काळीज. युद्ध बघितलेल्या बाईला याहून आणखी काय हवं? त्याच्या आईला, आर्जियाला, काही नको होतं.

आता आर्जियाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आर्जिया जन्माची बहिरी नव्हती. त्रेचाळीस सालच्या जुलैत आमच्या वस्तीवर बॉम्ब पडले, त्या सकाळी ती अंगणातल्या हौदावर कपडे धूत होती. पुढ्यातली भिंत गेली आणि तिचे दोन्ही कान गेले. त्या दिवसापासून तिनं कानांचं काम डोळ्यांना लावलं. वर्षभरात ओठांवरून असं वाचायला लागली की तिच्यासमोर कुजबुजायची चोरी! रस्त्याच्या पलीकडं दोघी जणी तिची निंदा करत असल्या, तर इकडून ती ओरडून उत्तर द्यायची. आवाज मोठा, कारण स्वतःचाच आवाज तिला ऐकू यायचा नाही.

आणि तिला नाद सिनेमाचा. बहिरीला सिनेमा कशाला, म्हणाल. अहो, तीच तर गंमत! आमच्याकडं सिनेमात शूटिंगच्या वेळी आवाज धरतच नाहीत. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत असतो, सुतार ठोकत असतात, आणि नटांनी नुसते ओठ हलवायचे. संवाद मागाहून दुसऱ्याच कुणाच्या आवाजात चिकटवतात. त्यामुळं ज्याला संवाद पाठ नसतो तो सरळ आकडे म्हणतो. एक, दोन, तीन, चार. प्रेमाचं बोलायचं असेल तर हळू म्हणायचं, राग असेल तर जोरात. हे आम्हा कामवाल्यांना ठाऊक, लोकांना नाही. आर्जियाला मात्र सगळं दिसायचं. राजकन्या मरायला टेकलीय, थिएटरात बायका नाकाला रुमाल लावून बसल्यात, आणि मधल्या रांगेतून आर्जिया खो खो हसतेय! "काय म्हणतेय गं ती?" "म्हणतेय, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, मेल्यांनो माझे पाय गारठले!"

मग काय, तिच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून रविवारी भांडणं व्हायला लागली. भोपळ्याच्या बिया फोडत लोक ओरडायचे, "आर्जिया, तो सेनापती काय म्हणाला?" आणि ती सांगायची, "म्हणाला, ही दाढी कुणी चिकटवली, खाज सुटलीय." डोअरकीपर फुकट आत सोडायचा तिला. तिच्यामुळं पडेल सिनेमाही चालायचा.

पण बाई तापट. आणि तिचं भांडणाचं हत्यार वेगळंच. आपण चिडलो तर पाठ फिरवतो, दार आपटतो. ती नुसते डोळे मिटायची. झालं! आता बोला कुणाशी बोलता ते. तुम्ही ओरडा, रडा, पाया पडा, ती तिच्या अंधारात. आमेदेओ म्हणायचा, "बायको बहिरी झाली ते सोसलं, पण ही डोळे मिटते ना, तेव्हा मला मेल्यासारखं होतं."

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत नेनोनं कत्तलखाना सोडला. कुणाला न विचारता, न सांगता. माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि त्या करकरीत आवाजात म्हणाला, "मावशी, तुझ्या स्टुडिओत मला घेतील का? काहीही उचलीन."

"अरे, पण झालं काय?"

"काही नाही. तिथं जाववत नाही."

मी नेला त्याला. दिग्दर्शकानं वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "याला तेल लावा." आवाज ऐकून सगळे हसले, पण तिथं आवाजाचं कुणाला काय पडलं होतं?

आर्जियाला कळलं तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बापाची जागा टाकलीस? तोकडा घागरा घालून, अंगाला तेल लावून नाचायला? का? कारण सांग!"

नेनोनं मान खाली घातली.

"मी विचारतेय, का?"

नेनोनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. "सांगता येत नाही, आई."

आणि तिनं डोळे मिटले.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्ष सरत आलं तरी. तो घरात आला की मिटले डोळे. ताट वाढायची, ते मिटल्या डोळ्यांनी, चाचपडत. नेनो तीन आठवडे तसाच जेवला आणि मग ट्रामच्या थांब्याजवळ एक खोली घेऊन राहायला गेला. माझ्याशीही ती तुटकच वागायची, कारण नेणारी मी. समोरासमोर दारं, आणि मला सकाळी 'कशी आहेस' म्हणायची सोय नाही! मी चिडायची. मनात म्हणायची, एवढी कसली अढी धरतेस गं, एकुलता एक पोर आहे.

पण खरं सांगू का? नेनोला का सांगता येत नाही, ते मला कळायला हवं होतं. मीच होते त्याला कारण. ते पुढं येईल.

शरदात एक सिनेमा निघाला, त्यात हीरो परदेशातून आणलेला. दिसायला देवासारखा, पण पाठीत उसण भरलेली. त्यामुळं खरी उचलाउचल नेनोकडं आली, आणि दिग्दर्शकानं त्याला चक्क एक भूमिका दिली. हीरोचा मित्र, लोहार. शेवटी देऊळ कोसळतं, लोहार खांब धरून ठेवतो, हीरो राजकन्येला घेऊन निसटतो, आणि लोहार ढिगाऱ्याखाली मरतो. कॅमेरा जवळ, पडदाभर नुसता नेनोचा चेहरा!

त्या शॉटच्या आदल्या दिवशी मी त्याला तेल चोळत होते. तो म्हणाला, "मावशी, आई अजून दर रविवारी सिनेमाला जाते ना?"

"जाते की. का रे?"

"पडद्याकडं बघताना ती डोळे मिटत नाही."

मला लगेच उमगलं.  म्हटलं, "शाबास रे गब्रू! काय बोलणार आहेस?"

"माफ कर म्हणणार. घरी येऊ दे म्हणणार. बास."

दुसऱ्या दिवशी शॉट लागला. खांब पडले, लगद्याचे दगड पडले, वरून पोतंभर चुन्याची पूड ओतली. नेनो पालथा, दगडांच्या फटीतून फक्त तोंड आणि एक हात दिसतोय. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला, "तीसपर्यंत आकडे म्हण! सावकाश! मरतोयस तू!"

मी कॅमेऱ्यामागं तेलाचा डबा घेऊन उभी. नेनोच्या तोंडात चुना गेला. तो खोकला. आणि त्याचे डोळे बदलले. माफीबिफी कुठल्या कुठं गेली. त्या फुटक्या आवाजात त्यानं हाक मारली, "आई! आई!"

मी तेलाचा डबा खाली ठेवला. कारण ती हाक मी आधी ऐकली होती. ह्याच आवाजात. अठरा वर्षांपूर्वी.

त्या जुलैच्या सकाळी नेनो नऊ वर्षांचा होता. जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत गाडला गेला. आर्जिया नखं फुटेपर्यंत उकरत होती, पण भलत्याच बाजूला. मी पोहोचले तेव्हा तीन तास होऊन गेले होते, आणि पोर ढिगाऱ्याखालून ओरडत होतं, "आई! आई!" ओरडून ओरडून घसा फाटलेला. दहा पावलांवर त्याची आई, आणि तिला ऐकू येईना! मी तिला दंडाला धरून ओढत त्या जागी नेलं. पोर निघालं. आठवडाभर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि फुटला तो असा, करकरत.

आर्जियानं मला ओरडून विचारलं होतं, त्यानं हाक मारली का? मी मान हलवली, नाही. हातवारे करून सांगितलं, बेशुद्ध होता. आणि पोराला बजावलं, आईला कधी सांगायचं नाही. त्यानं पाळलं. आणि त्याचा आवाज कसा आहे गं, असं ती विचारायची, तेव्हा मी म्हणायची, बापासारखा. एकावर एक खोटं. दुसरं काय करणार होते मी? तिला काय सांगणार होते?

ढिगाऱ्याखाली नेनो बोलत राहिला. "आई, वासरं अशीच ओरडतात गं तिथं. आईला हाका मारतात. तुला ऐकू येत नाही, मला येतं. म्हणून नाही जाववत. डोळे मिटू नकोस, आई." आणि तो रडला. चुन्यातून खरे ओघळ.

"कट!" दिग्दर्शक खूश. "असं रडणं विकत मिळत नाही! ठेवा!"

नेनो उठला, अंगावरचे कागदी धोंडे झटकले आणि माझ्याकडं बघितलं. "मावशी, हे बोलायचं नव्हतं मला."

"आता बोललास ना," मी म्हटलं. "बस तिकडं. तोंडातला चुना धू."

सिनेमा आमच्या वस्तीत यायला मार्च उजाडला. तोवर मी देवाकडं रोज दोन गोष्टी मागत होते, तो शॉट कापला जाऊ दे, आणि तो शॉट राहू दे. तिनं बघितलं तर माझं खोटं उघडं पडणार होतं. नाही बघितलं, तर पोर कायमचं ट्रामच्या थांब्यावर. मग एके सकाळी स्वतःलाच झापलं, एर्सिलिया, अठरा वर्षं झाकलंस, पुरे झालं! आर्जियाच्या दारावर जाऊन उभी राहिले. बहिरीचं दार ठोठावून काय उपयोग, सरळ आत गेले. ती डोळे मिटायच्या आत तिचे दोन्ही गाल धरले आणि म्हटलं, "रविवारी सिनेमाला चल. नेनो आहे त्यात. नाही आलीस तर मी तुझ्या दारात बसून राहीन, आणि तुला माहितेय मी बसेन."

"मला नाही बघायचा त्याचा घागरा."

"घागरा नको बघूस. तोंड बघ."

आली. तोंड फुगवून, पण आली. दुपारचा खेळ, थिएटर गच्च. आमचा नेनो पडद्यावर म्हटल्यावर कोण घरी बसतं? तो दिसला की शिट्ट्या! "अरे हा तर आपला नेनो!" आणि त्याच्या तोंडून निघाला भला घनगंभीर आवाज, कुणा भाडोत्री माणसाचा. लोक हसून हसून लोळले. नेनो शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला होता. एवढं अंग चोरणार तरी कसं, पण बसला होता.

देऊळ कोसळलं. पडदाभर तो चेहरा आला. घनगंभीर आवाज म्हणाला, "पळ मित्रा! स्वातंत्र्य चिरायू होवो!" आणि मागून, पुढून, सगळीकडून लोक ओरडले, "आर्जिया! काय म्हणतोय गं? आकडे म्हणतोय का?"

 मी पडद्याकडं बघतच नव्हते, तिच्याकडं बघत होते. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. आई. आई. मग ते हलायचे थांबले.

"सांग ना गं, आर्जिया!"

"काही नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली ती. "माझ्याशी बोलतोय तो. तुमच्याशी नाही."

 थिएटरभर बिया फुटायच्या थांबल्या.

दिवे लागले तेव्हा नेनोची खुर्ची रिकामी होती. धीर झाला नाही त्याला. आम्ही दोघी बाहेर आलो. उन्हात तिनं मला फळांच्या गाड्याशी थांबवलं आणि माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं. "एर्सिलिया. त्या दिवशी त्यानं हाक मारली होती?"

मी बोलले. ओठ नीट हलवून, एकेक शब्द. "मारली होती. तीन तास मारत होता. मी तुझ्याशी खोटं बोलले. आणि त्याचा आवाज बापासारखा नाही. त्या दिवशी जो फाटला, तो फाटलाच."

मला वाटलं, आता मिटते डोळे. मिटले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण ती बघतच राहिली माझ्याकडं. मग म्हणाली, "मेल्ये, एवढं ओझं एकटीनं कशाला वाहिलंस?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, भर रस्त्यात, संत्र्यांच्या टोपल्यांसमोर. गाडीवाला म्हणाला, "बायांनो, काय झालं?" मी म्हटलं, "सिनेमा चांगला होता. तू तुझी संत्री वीक."

पुढच्या रविवारी तिनं नेनोला जेवायला बोलावलं. मलाही. टेबलावर बघते तर काय, कसायाच्या विधवेच्या घरी मटणाचा तुकडा नाही! हरभरे घातलेला पास्ता, तळलेल्या आर्टिचोकच्या कळ्या, चीज. वासराचं तर नावच नको. 

नेनो दारात आला. आधी खांदा, मग बाकीचा. उभाच राहिला. "आई," म्हणाला, "मी..."

आणि आर्जियानं डोळे मिटले.

त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मी उठणार तेवढ्यात ती चालत त्याच्यापाशी गेली, डोळे मिटलेलेच. हात वर केला, चाचपडत त्याच्या छातीवर ठेवला, तिथून मानेवर, आणि तळवा त्याच्या घशावर टेकवला.

"मार आता हाक," ती म्हणाली.

 नेनोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मार की रे, गाढवा."

"आई," तो म्हणाला, त्या करकरीत आवाजात. तिनं तळवा आणखी घट्ट टेकवला.

"मोठ्यानं."

"आई!" अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं. "आई!"

ती तळवा काढेना. गालांवरून पाणी वाहत होतं, डोळे तसेच मिटलेले.

"आले रे," ती म्हणाली. "आले, बाळा. आले."